मालक घरी नाही

आमच्या दुकानाच्या पाटीवर आडनाव आहे आणि त्यापुढे 'अँड सन्स' आहे. पाटी आजोबांनी रंगवून घेतली तेव्हा ते खरं होतं. आजोबांना मुलगे होते, त्यांतला एक, म्हणजे माझे बाबा, दुकानात बसला. बाबांना मात्र आम्ही दोघी मुलीच. पाटीचा रंग दोनदा नव्याने दिला गेला, पण 'सन्स' तसंच राहिलं. रंगाऱ्याने जुन्या अक्षरांवरूनच ब्रश फिरवला असणार.

गेल्या दिवाळीत बाबांनी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे उभं राहू देत नाहीत, ठोक व्यापारी आता थेट खेड्यापर्यंत गाडी पाठवतात, आणि तरुण गिऱ्हाईक शेगावला किंवा अकोल्याला गेलं की महिन्याचा किराणा तिकडूनच भरून आणतं. कारणं नेहमीचीच. माझ्याकडे त्यांनी एकच काम दिलं : उधारीच्या वह्या 'कॉम्प्युटरवर घेऊन' नेमकं येणं किती आहे ते काढून द्यायचं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. घरातल्यांच्या लेखी त्याचा अर्थ प्रिंटर दुरुस्त करणारी आणि एक्सेल जाणणारी, असा होतो. आठ दिवसांची सुट्टी काढून मी गेले.

पुण्यातल्या मित्रमंडळींना हे सांगितलं तर प्रत्येकजण 'अरेरे' म्हणाला. एका मित्राने तर दुकान कसं वाचवता येईल यावर मला दीड पानी मेसेज पाठवला. छोटी, घरची, पिढीजात दुकानं ही आपल्याला हल्ली एखाद्या दुर्मीळ पक्ष्यासारखी वाटू लागली आहेत. ती टिकली पाहिजेत असं आपल्याला वाटतं, आणि आपण किराणा मात्र फोनवरून दहा मिनिटांत मागवतो. मलाही अपराधी वाटत होतं. दोन पिढ्या चाललेली गोष्ट माझ्यापाशी येऊन थांबते आहे, तेव्हा मी काही चुकीचं करते आहे का? माझं दुकानाशी देणं लागतं का, आणि लागत असेल तर नेमकं काय? त्या आठ दिवसांत या प्रश्नाचं रूप बदललं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

*

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, म्हणजे बुलढाणेकरांच्या भाषेत घाटाखाली. जिल्ह्याचे दोन भाग आहेत : चिखली-मेहकरकडचा घाटावरचा आणि आमच्याकडचा घाटाखालचा. घाटाखालचा बराचसा भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमीन काळी आणि चांगली, पण विहिरीचं पाणी खारं. ते ना धड पिता येतं, ना पिकाला देता येतं. म्हणून बरीच शेती पावसावर, आणि पावसावरची शेती म्हणजे वर्षातून एकदाच हातात पैसा. कापूस-सोयाबीन विकलं की पैसे, तोवर वही. किराणा दुकान हे आमच्याकडे माल विकण्याचं ठिकाण जेवढं आहे तेवढंच ते जून ते नोव्हेंबर तग धरण्याची सोयही आहे.

जवळच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे घटाची पाहणी करून पाऊसपाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. तेही एका घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. माझा त्यावर विश्वास नाही, बाबांचाही फारसा नाही. पण त्या दिवशी भाकीत काय निघालं हे ते विचारायचेच. उधारी किती द्यायची याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला जगातला कोणताच अंदाज अगदीच टाकाऊ वाटत नाही, एवढं मला आता कळतं.

दुकानाबद्दल विचार करताना मला शाळेच्या वयातलं एक ठिकाण सारखं आठवत होतं : शेगावचं स्टेशन. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला या स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. मुगाच्या डाळीचं सारण, सोबत तळलेली मिरची. आज 'शेगाव कचोरी' हे नाव महाराष्ट्रभर आहे आणि ती विकणारी दुकानं शर्मांच्या घराबाहेरही असंख्य आहेत. एका निर्वासित कुटुंबाचा धंदा गजानन महाराजांच्या गावाची दुसरी ओळख झाला. पण मला त्यात रस वाटतो तो गिऱ्हाइकामुळे. हे गिऱ्हाईक म्हणजे मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरच्या गाडीतला प्रवासी. गाडी दोन-पाच मिनिटं थांबणार, तो खिडकीतून पैसे देणार, आणि बहुधा जन्मात परत भेटणार नाही. त्याला शिळी कचोरी दिली तर तो करणार काय?

इमॅन्युएल कांटने १७८५ साली लिहिलेल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात एक दुकानदार आहे. अडाणी गिऱ्हाइकाकडूनही तो जास्त पैसे घेत नाही, लहान मूल आलं तरी त्याला सगळ्यांच्याच भावाने माल देतो. कांट म्हणतो, हा माणूस प्रामाणिक वागतो खरा, पण त्यावरून तो कर्तव्य म्हणून तसं वागतो असं ठरत नाही. त्याचा फायदाच त्यात आहे, फसवलं तर धंदा बसेल. अशा प्रामाणिकपणाला नैतिक मोल नाही. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला बाबांच्या वतीने राग आला होता.

आता वाटतं, कांटचं निम्मं बरोबर होतं. कचोरीबद्दल ते नक्की बरोबर आहे. एक प्रवासी परत येत नाही, पण त्याने सांगितलेली गोष्ट त्याच रुळावरून पुढे जाते आणि पुढच्या गाडीतला प्रवासी खिडकीतून हात बाहेर काढून बसतो. नाव टिकवण्यातच फायदा आहे. वस्तूचा दर्जा सांभाळायला दुकानदार संत असावा लागत नाही, त्याचं नाव खराब होऊ शकतं एवढं पुरतं. आज हेच काम ॲपवरचे तारे करतात. सराफाचं सोनं खरं आहे की नाही हे आपण पूर्वी घराण्याच्या नावावरून ठरवायचो, २०२१ च्या जूनपासून अनेक ठिकाणी हॉलमार्कचं बंधन आलं. चांदीसाठी ज्याची ख्याती आहे त्या आमच्या खामगावच्या बाजारातही जुनी गिऱ्हाइकं अजून पिढीजात ओळखीवर जातात. पण उद्या ओळखीची जागा शिक्क्याने घेतली तर त्यात नैतिक नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. चांदी खरी असल्याशी मतलब.

पण दुकानात दोन प्रकारचे निर्णय होतात. एक वस्तूबद्दलचा : डाळ चांगली आहे का, माप बरोबर आहे का. दुसरा माणसाबद्दलचा : याला उधार द्यायचं का. पहिला निर्णय शिक्क्यावर, ताऱ्यांवर, कायद्यावर सोपवता येतो. दुसऱ्याचं काय, हा माझा प्रश्न आहे, कारण तोच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे.

*

मी ज्या कंपनीत काम करते ती मोबाइलवरून छोटी कर्जं देते. कर्ज मंजूर करायचं की नाही हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका भागावर मी काम करते. अर्ज आला की पाच-सात ठिकाणची माहिती गोळा होते, मॉडेल एक आकडा देतं, आकडा एका रेषेच्या वर असेल तर पैसे, खाली असेल तर नाही. या सगळ्याला सुमारे चार सेकंद लागतात. नकार मिळालेल्या माणसाला एक वाक्य दिसतं : 'सध्या आम्ही आपल्याला ही सुविधा देऊ शकत नाही.' ते वाक्य मी लिहिलेलं नाही, पण ते स्क्रीनवर आणणारा कोड मी लिहिला आहे.

बाबांना मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् त्यानं विचारलं काहून नाही, तं सांगते कोण?"

म्हटलं, "हेल्पलाइन असते."

"तिथचा मानूस ठरवते काय?"

"नाही. त्याला पण स्क्रीनवर तेच दिसतं."

बाबा 'बरं' म्हणाले. त्यांच्या 'बरं'ला बरेच अर्थ असतात.

वह्या उघडल्या तेव्हा मी बाबांकडे आदराने बघायचं आधीच ठरवलेलं होतं. लाल कापडी बांधणीच्या सहा वह्या, १८३ खाती. मॉडेलला जे कधी जमणार नाही ते या माणसाने डोक्यात ठेवून केलं, असा लेख माझ्या मनात तयारही होता. वह्यांनी मला साथही दिली. अर्ध्या खात्यांवर नावंच नाहीत : 'म्हशीवाला', 'नळावरची माय', 'पोस्टातल्याचा भाऊ'. स्प्रेडशीटमध्ये नाव आणि आडनाव असे दोन रकाने करून मी बसले होते, ते पहिल्या तासातच काढून टाकावे लागले. एका खात्यावर सलग दोन वर्षं फक्त 'नावे', 'जमा' काहीच नाही. विचारलं तर कळलं, त्या घरातल्या कर्त्या माणसाने औषध घेतलं होतं. आमच्याकडे 'औषध घेतलं' म्हणजे काय ते स्पष्ट करावं लागत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं त्यांत बुलढाणा होता. त्या घराला बाबा दोन वर्षं तेल-मीठ-साखर देत राहिले आणि लिहीत राहिले. "लिहायचं कशाला मग?" मी विचारलं. ते म्हणाले, "लिहिलं नाही तं ते भीक होते. लिहिलं म्हंजे उधारी."

हे वाक्य मी कांटपुढे ठेवायला तयार आहे. यात धंद्याचा फायदा कुठे आहे ते त्याने दाखवावं.

चौथ्या दिवशी मी सवयीने खाती वस्तीवार लावली. काही शोधत नव्हते. समोर आकडे आले की ते दोन-तीन प्रकारे फिरवून बघायची आम्हां लोकांना खोडच असते. पाटीलपुरा, बाजारगल्ली, माळीवाडा, मुस्लिम मोहल्ला, नवी कॉलनी, सगळीकडची खाती होती. एका वस्तीचं एकही नव्हतं. १८३ मध्ये शून्य. त्या वस्तीचं नाव लिहीत नाही. आपल्याकडे गावाच्या कडेला ती असते आणि ती कुणाची हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं. तिथली माणसं आमच्या दुकानात येत नव्हती असं नाही. माझ्या वर्गातल्या मुली यायच्या, त्यांच्या आया यायच्या. पुडा, तेल, साबण घ्यायच्या, पैसे मोजून द्यायच्या आणि जायच्या.

"तिकडच्या लोकायचं रोखीचंच असते," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"अण्णाच्या टायमापासून."

"पण का?"

"त्यायनं कधी मांगतलंच नाही. म्या काय बलावून देऊ?"

"मागितलं असतं तर दिलं असतं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "पाह्यलं असतं," म्हणाले.

माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं या दुकानात उभी राहिले, सुट्टीत गल्ल्यावर बसले, आणि मलाही हे कधी दिसलं नव्हतं. न लिहिलेली नावं वहीत दिसत नाहीत. ऑफिसात आमचा एकदा मोठा वाद झाला होता : पिनकोड हा रकाना मॉडेलला द्यायचा की नाही. आपल्याकडे माणूस कुठे राहतो यावरून तो कोण आहे हे बऱ्याचदा कळतं, म्हणून देऊ नये असं माझं म्हणणं होतं. मी फार तावातावाने बोलले होते. बाबांच्या वह्यांवर एखादं मॉडेल तयार केलं तर ते काय शिकेल? त्या वस्तीतल्या माणसाने कधी उधारी फेडलेली नाही, एवढंच. घेतलीच नाही हे त्याला कळणार नाही. घेऊ दिली नाही हे तर नाहीच.

*

शाळेतली एक मैत्रीण त्याच वस्तीतली. आता ती अकोल्यात नोकरी करते. मी तिला फोन करून हे सगळं सांगितलं, थोडं माफी मागितल्यासारखं. ती हसली. म्हणाली, "तुला आत्ता कळलं?" मग म्हणाली, "मला तुमच्या गावातल्या दुकानांचं बंद होणं ऐकून काहीच होत नाही. इथं मोठ्या दुकानात मी ट्रॉली घेऊन फिरते. कोणी मला ओळखत नाही, कोणी माझ्या बापाचं नाव विचारत नाही. बिलाच्या मशीनला आडनाव वाचता येत नाही. हे किती बरं वाटतं ते तुला नाही कळायचं."

'माणूस ओळखणारं दुकान' या गोष्टीचं आपण जे कौतुक करतो ते ज्यांना ओळखल्याने फायदा होतो त्यांचं कौतुक आहे. ओळख असणं म्हणजे नळावरच्या मायेला नाव न विचारता साखर मिळणं, आणि ओळख असणं म्हणजे एका अख्ख्या वस्तीने कधी काही न मागणंही. दोन्ही एकाच नजरेतून येतं. अनोळखी काउंटर, मशीन, ॲप यांनी ती नजर काढून घेतली आणि काही माणसांना त्यात पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. पिढीजात दुकानं वाचवा म्हणणाऱ्याने आधी या मैत्रिणीला उत्तर दिलं पाहिजे. माझ्याकडे ते नव्हतं.

सहाव्या दिवशी रात्री, वह्यांचा विषय निघालेला नसताना, बाबा आपणहून बोलले.

"एक बाई आलती. तिकडचीच. पानी लय होतं, मजुरी बंद होती चार दिवस. पीठ अन् तेल पायजे म्हने. पैसे सोमवारी देतो म्हने."

"मग?"

"म्या म्हनलं, मालक घरी नाही."

मी काही बोलले नाही. बाबाच पुढे म्हणाले, "अण्णाले जाऊन तवा दोन वर्षं झाले होते."

म्हणजे तिने मागितलं होतं. आणि मालक समोरच उभा होता. दुकान त्याचं, वही त्याची, पेन त्याच्या खिशाला. नाही म्हणायचं तर 'मी देत नाही' म्हणावं लागलं असतं, मग ती 'का' म्हणाली असती, आणि त्या 'का'ला तोंडावर देता येईल असं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. म्हणून त्याने मालकाला घराबाहेर पाठवून दिलं.

'सध्या आम्ही आपल्याला ही सुविधा देऊ शकत नाही.' हे वाक्य तेच आहे. मालक घरी नाही. 'आम्ही' म्हणजे कोण? मी नाही, मी फक्त कोड लिहिते. मॉडेल बनवणारी टीम नाही, ती फक्त आकडा देते. रेष कुठे ओढायची ते ठरवणारे म्हणतात, रेष आकड्यांवरून ठरते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क ॲपवर द्यावा लागतो, तो आमच्याही ॲपवर आहे. पण तो तक्रार ऐकतो, 'हो, नाही मीच म्हटलं, आणि त्याचं कारण हे' असं सांगणारं कुणी तिथे बसलेलं नाही. बाबांना निदान एकदा खोटं बोलावं लागलं आणि ते त्यांना एवढी वर्षं लक्षात राहिलं. मला खोटं बोलावं लागत नाही. आमच्याकडे मालक खरंच घरी नसतो.

घरच्या दुकानात जपण्यासारखं काही असेल तर ते एवढंच आहे असं मला आता वाटतं. घर नव्हे, पिढ्या नव्हेत, 'आपलं गाव'ही नव्हे. माणसाबद्दल निर्णय घेणारा माणूस समोर असतो, त्याला उद्याही तोंड दाखवायचं असतं, आणि 'का' विचारलं तर त्यालाच उत्तर द्यावं लागतं. मैत्रिणीला टोचायची ती नजर, आणि हवं असलेलं ते उत्तर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काढून टाकताना आपण दुसरीही टाकून दिली.

*

मग माझं देणं काय? जुन्या हिंदू कायद्यात याला एक सरळ उत्तर होतं. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेच्या परंपरेत वडिलांचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य मानलं होतं, नातवा-पणतवापर्यंत. अपवाद एक : कर्ज 'अव्यावहारिक', म्हणजे अनीतीच्या कामासाठी काढलेलं असेल तर मुलगा बांधील नाही. २००५ च्या दुरुस्तीने हे कर्तव्य पुढच्या कर्जांपुरतं न्यायालयाच्या दृष्टीने संपलं. आणि गंमत अशी की कायद्याच्या ज्या कलमातून ते गेलं, त्याच कलमातून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः मुलाएवढा हक्क मिळाला. म्हणजे पाटीवर माझी जागा झाली त्याच दिवशी बापाच्या कर्जाची जबाबदारी पाटीवरून उतरली.

दुकान चालवणं हे माझं देणं नाही, याबद्दल मला आता शंका नाही. मला ते कधी कुणी देऊ केलं नव्हतं आणि मी ते मागितलं नव्हतं. बाबांनाही वाईट वाटलेलं दिसत नाही. त्यांना दुपारची झोप हवी आहे. पण माझं शिक्षण त्या गल्ल्यातून झालं. त्या गल्ल्यात म्हशीवाल्याचे उशिरा आलेले पैसे होते तसे त्या वस्तीचे वेळेवर, मोजून दिलेले रोखीचे पैसेही होते. दुकान नाकारता येतं, वही नाकारता येत नाही. आणि जुन्या कायद्याच्या अगदी उलट, जे अव्यावहारिक आहे तेच मला टाळता येण्यासारखं वाटत नाही. व्यवहाराची देणी बाबांनी स्वतःच चुकती केली आहेत.

येणं चार लाखांच्या थोडं वर निघालं. कायद्याने उधार मालाचे पैसे साधारण तीन वर्षांच्या आत मागावे लागतात, निम्मं येणं त्यापलीकडचं होतं. बाबांनी यादी पाहिली, औषध घेतलेल्या माणसाच्या घरासकट बावीस खात्यांवर स्वतः रेघ मारली, बाकीच्यांना निरोप पाठवला. काही आले, काही येतील म्हणाले.

ऑफिसात परतल्यावर मी एक प्रस्ताव लिहिला : ज्याला नकार मिळतो त्याला त्याच्या भाषेत कारण दिसावं, आणि तो निर्णय पुन्हा बघून बदलण्याचा अधिकार असलेल्या एका माणसाशी बोलता यावं. त्यावर मीटिंग झाली. खर्च किती येईल हे विचारलं गेलं, ते रास्त आहे. पुढच्या तिमाहीत बघू असं ठरलं. मी तो दर आठवड्याला वर काढते. आतापर्यंत एवढंच.

निघायच्या दिवशी मी बाबांना विचारलं होतं, त्या बाईकडे जायचं का. त्यांनी नाव आठवून पाहिलं. आठवलं नाही. खातं उघडलंच नव्हतं, तर नाव कुठून असणार? वस्तीत जाऊन चौकशी करता आली असती. बाबा गेले नाहीत, मीही गेले नाही. बस आल्यावर पिशवी वर देताना ते म्हणाले, "लिहून ठेव."

गिऱ्हाइकाने बोलायचं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. कुणाच्या नावे, किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारायच्या आत बस निघाली.